पाणी कुठवर आलंय

काट्यानं शून्य सांगितलं.
पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये, रात्री सव्वाअकराला,
त्रेचाळीस क्रेट द्राक्षं काट्यावर
आणि पावतीवर: निव्वळ वजन ०.०० किलो.
उत्तम मोगल ट्रॅक्टरवरून उतरला, पावती उलटून पाहिली.
मागे कोरीच होती.
"ताई," फोनवर म्हणाला, "तुमचा काटा
माझ्या मालाला हवा म्हणतोय."

मी अंबडला, दुसऱ्या मजल्यावर,
गायधनी सरांचं मॉड्यूल उघडून बसले.
आठ वर्षांपूर्वीचं. पाच गिऱ्हाइकं तेच वापरतात:
दोन पॅकहाउस, एक कांदाचाळ, सातपूरचा भंगारवाला,
आणि पाचवं कोण ते कुणालाच आठवत नाही,
पण पैसे वेळेवर येतात.

एकशे बारावी ओळ.
ट्राय. खाली एक्सेप्ट, मोघम, कुणाचंही नाव न घेता.
त्याखाली पास.
म्हणजे वायर तुटो, वीज जावो, काटा जळो,
गिळायचं
आणि मागणाऱ्याच्या हातावर शून्य ठेवायचं.

शून्य हे उत्तर असतं,
रिकाम्या काट्याचं खरं, स्वच्छ उत्तर.
उत्तर न येणं निराळं.
दोघांना एकच कपडे घालून
सरांनी आठ वर्षं दारात उभं केलं होतं.

मग मी नावं ठेवायला बसले.
आपल्याकडे नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं;
इथे दोन्ही अर्थ चालतील.
वर एक मूळ: काट्याची चूक.
तिच्या पोटी: काटा अबोल. वजन अशक्य. एकक जुळेना.
चौथ्याला अडले.
किती नावं पुरे? आणि चूक कळल्यावर मॉड्यूलनं करायचं काय,
बोंब मारायची, की सगळंच बंद पाडायचं?

गंगेवरचा दुतोंड्या मारुती आठवला.
धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव त्याच्या अंगावर मोजतं.
नुसतं "पूर आलाय" म्हणून कुणाचं काय भागणार?
घोट्याला आलं. गुडघ्याला. कमरेला. छातीला लागलं.
भांडीबाजारातले आमचे रत्नाकरमामा तांबट
कमरेला म्हटलं की खालच्या फळीवरचे हंडे माळ्यावर चढवत,
छातीला म्हटलं की शटर ओढून इंदिरानगरला, बहिणीकडे.
शेजारचा सराफ मात्र गुडघ्यालाच तिजोरी हलवायचा.
मारुतीनं कुणाचं दुकान बंद केलं नाही कधी.
भर पाण्यात उभा राहून
तो एवढंच सांगतो, कुठवर.
पुढचं ज्याचं त्यानं.

तसंच लिहिलं.
निस्तरता येईल तेवढंच पकडायचं:
वायर सैल वाटली तर काट्याला तीनदा हाक मारायची.
चौथ्यांदा नाही. नाव घेऊन वर पाठवायचं,
मूळ कारण पदराला बांधून.
वर कोण बसलंय मला ठाऊक नाही.
पॅकहाउस गाडी थांबवेल, भंगारवाला
काट्याला एक लाथ घालेल.
तो त्यांचा प्रश्न.

शनिवारी पिंपळगावला पावती छापलीच नाही.
पडद्यावर आलं: काटा अबोल. वायर पाहा.
मोगलनं पाहिली, फोटो पाठवला:
कुरतडलेली केबल, शेजारी अर्धं द्राक्ष.
खाली लिहिलं होतं,
यात उंदराचं नाव का नाही?

परवा कॉलेज रोडला, औषधाच्या दुकानात, गायधनी सर भेटले.
सगळं ऐकून घेतलं, रक्तदाबाच्या गोळ्या मोजता मोजता.
"माझ्या वेळी," म्हणाले, "आठ वर्षांत एक फोन नाही."
मी काही बोलले नाही.
काउंटरवरच्या पोराच्या मशीनवर तेवढ्यात उमटलं:
काहीतरी चुकलं आहे. पुन्हा प्रयत्न करा.
तो पुन्हा प्रयत्न करत राहिला.